शुक्रवारचं घर

ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. कुवेत शहराभोवतीची जुनी मातीची भिंत आदल्याच वर्षी पाडली होती आणि जिथं नुसती वाळू असायची तिथून हवल्लीकडे मोटारी धावू लागल्या होत्या. शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यातली मातीची घरं मात्र अजून उभी होती. जाड भिंती, मधे अंगण, अंगणाच्या तिन्ही अंगांना खोल्या आणि गल्लीकडे एकच मोठा लाकडी दरवाजा. अशाच एका घरात फखरुन्निसा दोन वर्षांपासून भाड्यानं राहत होती.

फखरुन्निसा बाणकोटची. नवरा यूसुफ शुवेखच्या बंदरावर उतरलेल्या मालाची मोजणी करणारा कारकून. स्वभावानं गरीब, पण चारचौघांत समेट घडवून आणायची त्याला भारी हौस. कुणाचं भांडण कानावर आलं की हा टोपी घालून निघालाच. शेजारच्या खोलीत अकबर शिंपी आणि त्याची बायको मुमताज. ही मंडळी रत्नागिरीकडची. मुमताज वयानं मोठी, म्हणून फखरुन्निसा तिला आपा म्हणायची. आपाच्या जिभेवर अकबरनं कात्री चालवली तर कात्रीचीच धार जाईल, असं यूसुफ हसत हसत म्हणायचा, पण तिच्या माघारी.

दरवाजाजवळच्या खोलीत घरमालकीण राहायची. म्हातारी अरब विधवा, तिला सगळे हज्जिया म्हणत. तिचा नवरा मोती काढणाऱ्या बोटीवरचा नाखवा होता. तिच्या तरुणपणी उन्हाळ्याचे चार महिने शहरातले धडधाकट पुरुष समुद्रावर असायचे आणि गाव बायकाच चालवायच्या. नवऱ्याच्या नादानं तिला थोडं हिंदुस्थानी येत होतं. ते ती हुकूम सोडल्यासारखं बोलायची. अंगणाच्या कोपऱ्यात तिची एक कोठी होती. तिच्यात मेलेल्या नाखव्याच्या बोटीचं सामान पडलेलं असायचं. शिडाचे तुकडे, लोखंडी गळ आणि काथ्याच्या जुन्या दोरखंडांचे ढीग.

तिसरी खोली त्या वर्षी भरली. मार्च महिन्यात कासम नावाचा खलाशी आपली बायको घेऊन आला. कासम बंदरातल्या टगवर कामाला होता, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती छोटी दणकट बोट. बायकोचं नाव आमिना. दोघं लखदीव बेटांवरची. आता सगळे लक्षद्वीप म्हणतात, तेव्हा ते नाव नव्हतं. आमिना उंच, सावळी, कानाच्या पाळीभर बारीक बाळ्या. चालायची ती मान वर करून, जणू डोक्यावर पाण्याची घागर आहे. पहिल्याच दिवशी फखरुन्निसानं तिला चहा दिला तेव्हा तिनं खुणांनी आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, हे घर कुणाचं?

फखरुन्निसा म्हणाली, हज्जियाचं.

आमिनाचा चेहरा खुलला. तिनं पुढं विचारलं की हज्जियाला मुलगी आहे का, म्हणजे घर पुढं तिचं होईल. मुमताज आणि फखरुन्निसा हसल्या. कुवेतला पोहोचल्याबरोबर बायका विचारतात ते पाणी कुठून येतं आणि मासळी कुठं मिळते. हिला घराच्या वारसाची चिंता.

पण हळूहळू कळत गेलं. आमिना आठवड्या-आठवड्यानं कोकणी शिकत होती, मसाला वाटता वाटता, तांदूळ निवडता निवडता, आणि तिच्या बेटाच्या गोष्टी त्या मोडक्यातोडक्या बोलीत येत होत्या. तिच्या बेटावर घर आईचं असतं. आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला. लग्न झालं तरी मुलगी घर सोडत नाही. नवरा रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोकडे येतो आणि उजाडायच्या आत आपल्या आईच्या घरी परत जातो. जी जमीन, झाडं, घर असं आईच्या वंशाचं असतं त्याला ते लोक शुक्रवारची मालमत्ता म्हणतात. ती विकायची नाही, वाटायची नाही. माणसानं स्वतः कमावलेली, ती सोमवारची. तिचं काय हवं ते करा.

मुमताजनं हे सगळं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे नवऱ्याची धुणी त्याच्या आयशीकडं? आणि तो रात्री येणार तो आंघोळ करून, जेवून? गो बाय, माझ्या बापाला हे बेट कुणी दाखवलं नाय."

त्यावर आमिना पोट धरून हसली. तिचं ते हसणं फखरुन्निसाच्या ध्यानात राहिलं, कारण पुढे बरेच दिवस ते ऐकू आलं नाही.

कासम मुळात वाईट माणूस होता असं फखरुन्निसाला तेव्हाही वाटलं नाही. पण आयुष्यभर तो कुणाच्या ना कुणाच्या घरात राहिलेला. आईच्या घरात मामाचा हुकूम चालायचा, बायकोच्या घरात हा पाहुणा. कुवेतला आला आणि पहिल्यांदाच त्याच्या हातात किल्ली आली. भाडं तो देत होता, खोली त्याची होती. टगवरचे इतर खलाशी त्याला सांगत, घरचा धनी असा असतो, तसा असतो. तो ते मन लावून शिकला. आधी आमिनानं अंगणात बसू नये असं झालं. मग तिनं मोठ्यानं हसू नये. मग त्यानं बाजारातून एक कुलूप आणलं आणि कामावर जाताना बाहेरून लावू लागला. टगबरोबर दोन-तीन दिवस बाहेर राहायचं असलं तरच ते निघायचं, कारण पाणी भरायला कुणीतरी हवं.

मे महिन्याच्या सुमारास एका सकाळी आमिना पाण्याचा डबा घेऊन आली तेव्हा तिनं अंगभर ओढणी घेतली होती. डबा उचलताना ओढणी सरली. खांद्यापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता. फखरुन्निसानं काही न विचारता तिला आत घेतलं, हळद आणि खोबरेल गरम करून लावलं. आमिना रडली नाही. ती भिंतीकडे बघत होती, जणू काही हिशेब जुळत नाहीये.

फखरुन्निसाच्या मनात एक प्रश्न होता. ती म्हणाली, तुमच्याकडे बाईची एवढी सत्ता, तर तिकडे कुणी बाईवर हात टाकत नसेल.

आमिनानं मान हलवली. "टाकतात, भाबी. माझ्या मामानं माझ्या आईला मारलंय. नारळ न विचारता विकले म्हणून. शेजारच्या बाईला तिच्या नवऱ्यानं मारलंय. पुरुष तिकडचा पण पुरुषच." मग जरा थांबून म्हणाली, "पण शेजारणीनं दुसऱ्या दिवशी त्याची चटई दाराबाहेर ठेवली. झालं. तो गेला. घर जागच्या जागी. मारलं तरी तिकडं बाई कुठं जाणार, हा प्रश्न नाय. इकडं मी त्याच्या खोलीत. इकडं जायचं तर मला जायचं."

आणि मग तिनं पोटावर हात ठेवला. तिसरा महिना चालू होता.

ही गोष्ट फखरुन्निसानं यूसुफला सांगितली. तिला तेच सुचलं, कोकणात तेच करतात. लेकीसुनेला त्रास झाला की चार शहाणी माणसं मध्ये पडतात, मुलाला दोन शब्द सुनावतात, पोरीला समजावतात आणि तिला हातानं धरून नवऱ्याच्या दारात नेऊन सोडतात. यूसुफनं टोपी घातली. अकबरला बरोबर घेतलं. कासमला चहा पाजला, अल्ला-रसूलची आठवण करून दिली, खांद्यावर हात ठेवला. कासम खाली मान घालून ऐकत होता, हो हो म्हणत होता. मग यूसुफ आपल्या खोलीत बसलेल्या आमिनाकडे आला आणि म्हणाला, चल बाय, तो कबूल झाला, आता आपल्या घरी चल. आमिनानं एकदा फखरुन्निसाकडे पाहिलं आणि उठली. दोघी-तिघींनी मिळून तिला खोलीच्या उंबऱ्याआत पोचवलं. यूसुफ त्या दिवशी फार समाधानानं जेवला.

आठवड्याच्या आत तिचा ओठ फाटला. कासमला त्या चहाची लाज वाटली होती. बायकोनं परक्यांपुढं त्याला उघडं पाडलं, असं त्यानं घेतलं. आणि त्यानं सांगितलं की ईद झाली की तो हवल्लीला खोली घेणार, अलग, जिथं कोकणी बायका नसतील. बाळंतपण तिकडेच होईल.

मुमताज म्हणाली, तिकडे एक सुईण मिळायची नाही. आमिना म्हणाली, सुईणीचं नाही. बाळ कुलपाच्या आत जन्मेल. तिच्या बेटावर मूल ज्या छपराखाली जन्मतं ते छप्पर त्याचं असतं, मुलगी असली तर कायमचं. तिला मुलगी होणार अशी तिची खात्री होती, आणि ती मुलगी आयुष्यभर कासमच्या खोलीची होईल, हे तिला मारापेक्षा जास्त लागलं होतं.

"मला चुकीच्या घरी नेलंत, भाबी," ती म्हणाली. रागानं नाही, समजावल्यासारखं. "भावानं बहिणीला नवऱ्याच्या दारात सोडायचं नसतं. नवऱ्याला बहिणीच्या दारात आणायचं असतं."

"पण तुझं दार कुठाय गो इथं?" फखरुन्निसानं विचारलं.

आमिनाची नजर अंगणाच्या कोपऱ्यातल्या कोठीवर होती.

पुढच्या खेपेला कासम टगबरोबर बाहेर गेला तेव्हा ती हज्जियापुढे जाऊन बसली. काही मागितलं नाही. कोठीच्या दारात एक जुना दोरखंड पडला होता, उन्हापाण्यानं सुटलेला. आमिनानं तो ओढून घेतला, उसवला, काथ्या झटकून मोकळा केला, पाण्यानं भिजवला आणि मांडीवर तळहातानं वळायला सुरुवात केली. तिच्या बेटावर बायका हेच करतात, पोरवयापासून. काथ्याचे धागे तिच्या हाताखाली साप पळावा तसे पळत होते. दुपार टळेपर्यंत वाव-दीड वाव, म्हणजे दीड पुरुष लांबीचं सुंभ झालं, सरळ, सारखं, कुठे गाठ नाही. हज्जियानं ते हातात घेतलं, ताणून बघितलं, नाकाशी नेलं. मेलेल्या नवऱ्याच्या बोटीवर मलबारातून येणारं असंच सुंभ असायचं. तिनं डोळे पुसले नाहीत, पण बराच वेळ ते सोडलं पण नाही.

मग आमिनानं आपला प्रश्न विचारला. कोठी भाड्यानं मिळेल का? तिच्या नावानं, कासमच्या नव्हे. भाडं म्हणून ती त्या कोठीतल्या जुन्या दोरखंडांचं नवं सुंभ वळून देईल, बोटी बांधणारे लोक अजून ते घेतात.

हज्जिया म्हणाली, "नवरा?"

आमिनानं ओठावरची खपली दाखवली.

म्हातारीनं कमरेची किल्ली सोडली. हिंदुस्थानीत एवढंच म्हणाली, "माझं घर. मी देते." आणि मग अरबीत बरंच काही बोलली, ते कुणाला कळलं नाही, पण कासमबद्दल होतं एवढं सुरावरून समजलं.

दोन दिवस बायका कोठी साफ करत होत्या. मुमताजनं अकबरच्या दुकानातून चिंध्या आणून गोधडीसारखं काहीतरी शिवलं. फखरुन्निसानं चुना लावला. कामाच्या मध्येच तिला भीती वाटायची. यूसुफला काय सांगायचं? जमातीत चर्चा होईल की मोजणी-कारकुनाच्या बायकोनं दुसऱ्याची बायको फोडली. तिनं ते बोलून दाखवलं तर मुमताज म्हणाली, "चर्चा होईल तर होऊं दे. निदान आपल्या बायका चांगल्या विषयावर बोलतील." रात्री जेवणाआधी आमिना फखरुन्निसाजवळ आली आणि तिनं सांगितलं की शुक्रवारी यूसुफभाईंनी एकच काम करायचं आहे, छोटंसं, आणि ते त्यांना आधी सांगू नये. फखरुन्निसानं विचारलं काय. आमिनानं तिच्या कानात सांगितलं. फखरुन्निसा आधी हसली, मग तिनं आपला तांब्या घासायला घेतला.

शुक्रवार उजाडला. पहाटे आमिनानं आपली ट्रंक, चटई आणि एक तांब्याचं भांडं कोठीत नेलं. कासमच्या खोलीची किल्ली तिनं त्याच्या उशीवर ठेवली. मग ती स्वयंपाकाला लागली. भात, नारळाच्या दुधातली जुबेदी, म्हणजे आपलं पापलेट, आणि बेटावरून आणलेल्या वाळवलेल्या माशाचा चुरा घालून केलेली चटणी. वासानं अंगण भरून गेलं.

कासम टगवरून उतरला तो जुम्म्याच्या वेळेला. रिकामी खोली पाहिली, उशीवरची किल्ली पाहिली, कोठीतून येणारा धूर पाहिला. बायकांना वाटलं आता वादळ उठणार. पण नमाजाची वेळ होती. तो तसाच मशिदीत गेला आणि नमाज झाल्यावर यूसुफ आणि अकबरला गाठलं. तुम्ही म्हणता ना समजूतदारपणे वागायचं, मग चला, माझी बायको माझ्या घरी आणून द्या. यूसुफच्या आवडीचं काम. तो लगेच निघाला.

तिघं अंगणात आले तेव्हा हज्जिया कोठीच्या दाराशी बसका मोडा, म्हणजे स्टूल घेऊन बसली होती, पुढ्यात कॉफीची किटली. मुमताज आणि फखरुन्निसा बाजूला उभ्या. कोठीच्या आत जमिनीवर पांढरी चादर, तीवर नवी चटई, थाळी वाढलेली. आणि दारात आमिना, धुतलेल्या कपड्यांत, डोकं झाकलेलं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तिनं भांडण काढलं नाही, रडली नाही. तिनं तांब्या यूसुफपुढं केला.

"भाई, यांच्या पायांवर पाणी घाला," ती म्हणाली. "मग ते आत येतील."

यूसुफला काय हर्ष झाला. बघा, किती मर्यादेची पोर. नवऱ्याचे पाय धुवायला सांगते, जेवण तयार ठेवते. त्यानं तांब्या घेतला आणि कासमकडे वळला.

कासम जागच्या जागी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्या अंगणात एकट्या त्यालाच समजलं होतं काय चाललंय, आणि फखरुन्निसाला, कारण तिला कानात सांगितलं होतं. बेटावर लग्नाच्या दिवशी नवरदेव पहिल्यांदा बायकोच्या घरी येतो तेव्हा बायकोचा भाऊ दारात त्याच्या पायांवर पाणी घालतो. मग तो आत येऊन जेवतो. ते पाणी घेतलं की तो त्या घराचा पाहुणा. घर तिचं, भाऊ तिचा, आणि हा संध्याकाळचा पाव्हणा. कासमनं ते पाणी आयुष्यात एकदा घेतलं होतं, आमिनाच्या आईच्या दारात. ते पाणी नाकारणं म्हणजे लग्नच नाकारणं.

"काय बघतोस?" यूसुफ म्हणाला. "पाय पुढं कर."

कासमनं काही म्हणायला तोंड उघडलं.

"अरे, पाय कर की," अकबरनं पाठीत हलकेच ढकललं. "मासळी थंड व्हायला लागली."

कासमनं हज्जियाकडे पाहिलं. म्हातारी त्याच्याकडे न बघता कॉफी ओतत होती. त्यानं आमिनाकडे पाहिलं. तिची मान पहिल्या दिवशी होती तशीच वर होती. कदाचित तेच त्याला दिसलं असेल. त्यानं चपला काढल्या. यूसुफनं पाणी घातलं, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. कासम आत गेला, चटईवर बसला आणि थाळीकडे बघत राहिला.

"जेवा," आमिना म्हणाली. ती दाराशीच उभी होती. आणि मग ती त्याच्याशी जे बोलली ते मुद्दाम कोकणीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून. "हे माझं घर. शुक्रवारचं घर. तुम्ही रोज संध्याकाळी जेवून या, सकाळी तुमच्या खोलीवर जा. बाळ इथं होईल. तुम्ही याल, ते तुमचं तोंड ओळखेल. हात उचलाल, तर तुमची चटई दाराबाहेर. पुन्हा सांगायला येणार नाय. आता मला भाऊ आहे."

यूसुफ रिकामा तांब्या धरून उभा होता. त्याला हळूहळू समजत होतं.

"यूसुफभाय, घातलंत ना पाणी?" मुमताज म्हणाली. "आता भाऊपण निभवा. सुटका नाय."

अंगणात कुणी हसलं नाही, पण सगळ्यांच्या ओठांवर हसू होतं, अकबरच्यासुद्धा. यूसुफनं तांब्या हळूच फखरुन्निसाच्या हातात दिला. मग तो कोठीच्या दारात जाऊन उभा राहिला, आमिनाच्या शेजारी, आत बसलेल्या कासमकडे तोंड करून. टोपी नीट केली. त्याच्याकडे नेहमी उपदेशाचे खूप शब्द असत, त्या दिवशी एकच वाक्य निघालं.

"माझ्या बहिणीनं सांगितलं ते ऐकलंस ना?"

कासमनं भातात हात घातला. एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला तो रडायला लागला, आवाज न करता, घास तोंडात तसाच. नंतर फखरुन्निसा म्हणायची की तो रडला ते मारल्याच्या पश्चात्तापानं, असं आपल्याला वाटत नाही. त्या वाळवलेल्या माशाच्या चटणीला त्याच्या आईच्या घराची चव होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो कुणाचा धनी नव्हता.

आमिना त्याच्याजवळ गेली नाही. तिनं त्याला आणखी भात वाढला आणि परत दाराशी येऊन उभी राहिली.

संध्याकाळी ती कोठीत एकटी सुंभ वळत बसली तेव्हा फखरुन्निसा तिच्याजवळ गेली. आमिनाचे तळहात चालू होते. फखरुन्निसाला वाटलं, आपण एवढ्या बायका दोन वर्षं इथं आहोत, सगळ्या शहाण्या, सगळ्या बोलक्या, आणि आपल्यापैकी एकीलाही हे सुचलं नसतं. या पोरीनं दर्यापार येऊन, पोटात बाळ घेऊन, एका मातीच्या कोठीत आपलं बेट उभं केलं. नंतरच्या आयुष्यात फखरुन्निसानं बऱ्याच धीट बायका पाहिल्या, पण तिच्या मनात धीटपणाचं माप ते एकच राहिलं, तांब्या पुढं करणारे ते दोन हात.

मूल नोव्हेंबरात झालं, कोठीतच, मुमताज आणि हज्जियाच्या हातांवर. मुलगी. नाव ठेवलं असमा.

कासम रोज संध्याकाळी जेवून येई आणि उजाडताना आपल्या खोलीवर जाई. टगवरचे लोक त्याची थट्टा करत, तो ती सोसे. दोन वर्षांनी, कामावर झालेल्या भांडणाचा राग घेऊन आला असताना, त्यानं एकदा हात उचलला. उचललाच फक्त, टाकला नाही. दुसऱ्या सकाळी त्याची चटई दाराबाहेर होती. यूसुफ बंदरावर जाण्याआधी ती त्याच्या खोलीवर नेऊन ठेवून आला आणि दारातच म्हणाला की रमजान संपेपर्यंत येऊ नकोस. रमजानभर कासमनं अंगणातच रोजा सोडला. असमा चालायला लागली होती, ती खजूर नेऊन त्याच्या हातावर ठेवायची. ईदच्या दिवशी यूसुफनं पुन्हा पायांवर पाणी घातलं. त्यानंतर तशी वेळ आली नाही.

एकसष्ट साली कुवेत स्वतंत्र झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत मिरकाबातली मातीची घरं सरकारनं विकत घेऊन पाडली. हज्जियाला नव्या वस्तीत सिमेंटचं घर मिळालं. ते तिला कधी आवडलं नाही. ती एकोणीसशे चौसष्टमध्ये वारली. कोठीतलं उरलेलं सुंभ तिनं आमिनाला दिलं होतं. लाकडी बोटी तोवर कमी झाल्या होत्या, ते विकलं गेलं नाही.

आमिना काही वर्षं हवल्लीत राहिली, आपल्या नावानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत. शेजारच्या कामगारांना जेवण करून द्यायची. सदुसष्ट साली आईची प्रकृती बिघडली तेव्हा ती असमाला घेऊन बेटावर परतली. कासम टगवर राहिला. बऱ्याच वर्षांनी निवृत्त होऊन बेटावर गेला तेव्हा आपल्या बहिणीच्या घरी उतरला आणि संध्याकाळी आमिनाच्या दारात आला, रीतीप्रमाणं. शेवटपर्यंत तसाच येत राहिला. वारला तो तिच्या ओसरीवर, एका सकाळी, परत जायला निघताना.

मुमताज आणि अकबर रत्नागिरीला परतले. अकबरनं दुकान काढलं, मुमताज गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाइकांना हसवता हसवता माप वाढवून सांगायची. तिच्या दोन्ही मुलींची लग्नं तिनं शेजारच्याच गल्लीत लावली. नवऱ्यांनी काही केलं तर मुलींना चालत परत येता यावं, असं ती उघड बोलून दाखवायची.

यूसुफनं बाणकोटला घर बांधलं आणि ते फखरुन्निसाच्या नावानं केलं. कागद शुक्रवारीच करायचा, असा त्यानं हट्ट धरला होता, आणि कचेरीतले लोक त्याला काय झालं म्हणून बघत होते. म्हातारपणी पाय सुजून तो चालेनासा झाला, तेव्हा असमा त्याला भेटायला आली होती. ती बेटावरच्या शाळेत शिकवायची. मामू म्हणून ती त्याच्या खाटेजवळ बसली. त्याच्या पायांवर तिनं कोमट पाणी घातलं, तोच जुना तांब्या घेऊन, आणि त्याच्याशी खूप वेळ गप्पा मारल्या. यूसुफ त्याच पावसाळ्यात गेला.

फखरुन्निसा त्या घरात राहते, तिची थोरली मुलगी तिच्याजवळ असते. तांब्याला अधूनमधून कल्हई करावी लागते, ती फखरुन्निसा स्वतः उभी राहून करून घेते. आमिनाची शेवटची बातमी असमाकडून कळली. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, पण दारात बसून सुंभ वळणं सुटलं नव्हतं, आणि घर आता असमाच्या मुलीचं झालं होतं.